सूर धरणारा भिमाजी

दात तळहातावर पडला तेव्हा सावळेराम गुरवाने आधी दाराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं. मग त्याने धाकट्या भावाकडे, भिमाजीकडे बघितलं.

"कुनाला बोलू नगंस."

"मी कशाला बोलू? पन दादा, आता?"

"आता काय? वाजवायचं."

त्याने तांब्यातल्या पाण्याची चूळ भरून खिडकीबाहेर टाकली. ती तांबडी होती. खालचे दोन दात शिमग्यातच गेले होते. ते सावळेरामने खांद्यावरच्या टॉवेलच्या आडून गावापासून कसेबसे लपवले होते. आता वरचा, पुढचाच गेला. सनईची पत्ती ओठांत धरायची हे खरं, पण ओठांना मागून टेकू असतो तो दातांचा. टेकू गेला की ओठ थकतात आणि ओठ थकले की सूर खाली येतो. वाजवणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"थोडंच वाजव. आलाप कर नि उतर," भिमाजी म्हणाला.

"बुवांची शंभरी हाये आज. थोडंच?"

शाळेच्या त्या खोलीबाहेर मांडव गच्च भरला होता. माधवबुवा डिंगोरेकरांची जन्मशताब्दी. बुवा पोरवयात गाव सोडून गेले, गवयांच्या घरी पाणी भरून गाणं शिकले, संस्थानांतून गायले आणि म्हातारपणी डिंगोऱ्यात येऊन मेले. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख एक जून. गावातल्या निम्म्या लोकांची तीच आहे, कारण मास्तरांना ती सोयीची पडायची. त्यामुळे शताब्दीच्या दिवशी निम्म्या गावाचा वाढदिवस होता, पण ते कुणाच्या ध्यानात नव्हतं.

बुवांनी गावात सुरू केलेल्या गाण्याच्या उत्सवाची सुरुवात गुरवांच्या सनईने व्हायची. तो मान बुवांनी स्वतः दिलेला. यंदा मात्र उत्सव समितीचा अध्यक्ष धर्माजी म्हणाला होता, की पुण्याहून रेडिओवाले येणार, मोठे गवई येणार, तेव्हा एखाद्या नामांकित सनईवाल्याची क्यासेट लावू. "क्यासेट खोकत न्हाई, रुसत न्हाई आन नारळ-टॉवेल मागत न्हाई." भरल्या बैठकीत सावळेराम त्याच्या अंगावर धावून गेला होता. शेवटी मान राहिला, पण धर्माजी टपून बसला होता. आज सनई चुकली तर गुरवांच्या घरातून मान कायमचा जाणार, हे दोघा भावांना पक्कं माहीत होतं.

दारावर थाप पडली.

"झालं का, सावळेराम?" धर्माजीच. "रेडिओवाल्यांनी मशिन चालू केलंया. जमत नसंल तर बोला, क्यासेट हाये खिशात."

"आलो की!" सावळेराम टॉवेलच्या आतून ओरडला.

'दादा, त्यापेक्षा मी वाजवतो,' असं म्हणायचीही सोय भिमाजीला नव्हती. त्याच्या सनईची भोकं मेणाने बुजवलेली. दोघं भाऊ पोरगेले असताना बुवांनीच वाटणी केली होती. "सावळ्याची बोटं चालतात, त्याने राग वाजवावा. भिम्याची छाती दांडगी, त्याने सूर धरावा." तेव्हापासून भिमाजी एकच सूर धरत आला. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा, सूर तुटू द्यायचा नाही आणि हलू द्यायचा नाही. पोटासाठी तो ओतूरला पाण्याच्या जळक्या मोटारी भरायच्या दुकानात तांब्याच्या तारा गुंडाळायचा. गावातली पोरं त्याला एकसुरी भिमा म्हणायची. बायको गोजरबाई म्हणायची, "घरातबी एकच सूर. च्या टाक, च्या टाक." तो हसायचा. पण भिमाजीचा सूर हलत नाही, हे अख्ख्या पंचक्रोशीत मान्य होतं. त्याच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

चौघड्यावर रखमाजी बसला. सावळेराम पुढे, भिमाजी त्याच्या डाव्या अंगाला जरा मागे. पाहुणे गवई पहिल्या रांगेत डोळे मिटून बसलेले. भिमाजीने सूर लावला. मांडव शांत झाला. सावळेरामने तोडी सुरू केली.

सुरुवात झकास झाली. एवढी झकास की भिमाजीला वाटलं, उगाच घाबरलो. सावळेरामने खालच्या स्वरांत सावकाश फिरून घेतलं, बुवा फिरायचे तसंच. रांगेतली एक म्हातारी डोळे पुसायला लागली. मग तो वर चढायला लागला. वरच्या षड्जावर दादाचा ओठ निसटला. सूर केसभर खाली आला. दोन सनया एकमेकींवर घासल्यासारख्या वाजल्या. क्षणभरच. सावळेरामने सावरलं, पण त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

परत निसटला. या वेळी सावरायला वेळ लागला. ओठाच्या कोपऱ्यातून तांबडी लाळ पत्तीवरून खाली ओघळली. रखमाजीने टिपरी मारता मारता भिमाजीकडे बघितलं. मांडवाच्या खांबाला टेकलेल्या धर्माजीचा हात खिशाकडे गेला.

सूर हलवायचा नाही. जगबुडी झाली तरी नाही. पण आपला सूर जाग्यावर राहिला, तर दादा किती खाली गेला ते मांडवातल्या गुराख्यालाही ऐकू येणार. दादाला थांबवता येत नव्हतं आणि दादा थांबणारही नव्हता. असल्या पेचात तो कधी पडलाच नव्हता. त्याचं काम सोपं होतं, हलायचं नाही एवढंच.

सावळेराम तिसऱ्यांदा घसरला आणि भिमाजीने ओठ सैल केले.

अगदी थोडे. सूर खाली आला आणि दादाच्या सुराला जाऊन मिळाला. घासणं थांबलं. धर्माजीचा हात खिशापाशी थांबला. सावळेरामचे डोळे उघडले, त्याने डावीकडे बघितलं नाही, पण त्याची मान किंचित सैल झाली. पुढे तो जसा खाली येत गेला तसा भिमाजी त्याच्या मागोमाग येत गेला, पायरी चुकलेल्या म्हाताऱ्याला हात द्यावा तसा. लोकांना काही कळलं नाही. पाहुण्या गवयांनी मात्र डोळे उघडले होते आणि ते सावळेरामकडे नाही, भिमाजीकडे बघत होते. शेवटपर्यंत बघत राहिले.

टाळ्या पडल्या. पुष्कळ पडल्या.

चहापोह्याला सगळे शाळेच्या खोलीत जमले. पाहुण्यांनी उठून सावळेरामचे हात हातात घेतले.

"राग न मानता एक सांगतो. तुमचा साथीदार सुरावरून उतरत गेला. जिथे सुरुवात केलीत आणि जिथे संपवलंत, त्यात चांगलाच फरक होता. पण तुम्ही लोकांना कळू दिलं नाहीत. त्याच्याबरोबर उतरत राहिलात आणि राग सांभाळलात. ही तयारी हल्ली शहरातसुद्धा दिसत नाही."

खोलीतले सगळे भिमाजीकडे बघायला लागले. चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली गोजरबाईही.

"भिमा, काय रं हे?" धर्माजी म्हणाला. "आजच माती खायची व्हती व्हय? रेडिओवर जायाचंय ते."

भिमाजी भावाकडे बघत होता. सावळेरामने टॉवेल तोंडाशी धरला होता. त्याचे डोळे खाली होते.

"व्हय," भिमाजी म्हणाला. "दम कमी पडला."

ओतूरचे हस्तीमलशेठ म्हणजे भला माणूस. कापडाचं दुकान सांभाळून गाणं ऐकणारा. बुवांच्या उत्सवाला दरसाल मांडवाचं कापड त्यांचंच. ते म्हणाले, "वय झालं की व्हायचंच, भिमाजीभाऊ. वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडे इलेक्ट्रिकची सुरपेटी आहे. पुढच्या सालापासून ती उत्सवाला दिली. बटन दाबलं की सूर सुरू, हलायचा नाही."

"बेस झालं," धर्माजी म्हणाला. "सावळेरामला पेटीची साथ. भिमाला इश्रांती."

सगळ्यांनी माना हलवल्या. भिमाजी थांबून राहिला. दादा आता बोलेल, निदान 'पेटी नको' एवढं तरी म्हणेल. सावळेरामने बशीतला चहा फुंकला आणि हळूहळू पिऊन टाकला.

पुढे दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. भांडण झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. ओतूरच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणायचं, "भिमा, मोटार नीट भर बाबा. न्हाईतर पानी वर चढायचं सोडून खाली यायचं." भिमाजी हसून तारा गुंडाळायचा. घरी आल्यावर मात्र जेवणावरचं मन उडायचं.

"थोरल्यांनी करून सवरून नामानिराळं व्हायचं," गोजरबाई धुमसायची, "आन तुमी तोंड लपवीत फिरायचं?"

"दम कमी पडला म्हनलं ना."

"दम! लगीन झाल्यापासनं रोज पहाटं तुमचा सूर ऐकती मी. मला न्हाई कळत व्हय कोन घसरलं ते?"

त्यावर तो उठून बाहेर जायचा. सूर सोडल्याचं त्याला दुःख होतं, पण पस्तावा नव्हता. एक शब्द हवा होता दादाकडून. घरातल्या घरात चालला असता. पहाटे सनई खुंटीवरून काढायची आणि तशीच परत अडकवायची, असं चाललं होतं. पेटी आल्यावर आपल्याला कोण विचारणार?

रेडिओवर कार्यक्रम लागायचा त्या संध्याकाळी धर्माजीने देवळात रेडिओपुढे माईक ठेवून भोंगा जोडला. भिमाजी जाणार नव्हता. गोजरबाईने सदरा हातात दिला. "जावा. घरात बसला तर लोकास्नी खरंच वाटंल." तो जाऊन मागच्या खांबाशी बसला.

सावळेराम उशिरा आला. त्याने नवी कवळी बसवली होती, उरलेसुरले दात काढून जुन्नरहून करून आणलेली. धर्माजीने पुढे जागा केली होती. सावळेराम ती ओलांडून मागे आला आणि भिमाजीच्या शेजारी बसला.

भोंग्यातून तोडी सुरू झाली. देऊळ गप्प झालं. वरच्या षड्जापाशी आल्यावर कुणीतरी फिसकन हसलं. "आता बघा, भिमाचा उतार."

"हितं मी सुटलो," सावळेराम म्हणाला.

"सावळेराम, ऐकू द्या की," धर्माजी पुढून ओरडला.

"ऐकाच. म्हनून तर सांगतोय." सावळेराम उभा राहिला होता. "हितं माझा ओठ सुटला. भिमा अजून वरच हाये. ऐका नीट. आता परत सुटलो, घासतंय बघा. आन आता…" त्याने हात खाली केला. "आता भिमा आला. माझ्यासाठी आला. त्या सकाळी माझा पुढचा दात पडला व्हता आन मी कुनाला बोललो न्हाई."

ते खरं वाटावं म्हणून की काय, त्याने तोंडातली कवळी काढून हातात धरली. देवळातल्या समईच्या उजेडात त्याचं बोळकं तोंड सगळ्यांना दिसलं. आरशासमोर मिशी कातरल्याशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस तो. भिमाजीने मान खाली घातली. त्याला बघवेना.

धर्माजीही जरा वरमला. "मग आता पेटीचं कसं करायचं? भिमाच बसंल तुमच्यासंगं, हाये काय त्यात."

"मी न्हाई बसायचा. दात गेलं, आता वाजवनं झालं. आन पेटी काय माझ्यासाठी खाली यायची न्हाई." सावळेरामचे शब्द बोळक्या तोंडातून फसफसत येत होते. "लावा तुमची क्यासेट."

"दादा!" भिमाजीने त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं. "मग मी कशापायी केलं रं हे समदं?"

भिमाजीला राग आला आणि रडूही आलं. ज्या मानासाठी आयुष्यात एकदाच सूर सोडला, तो मान दादाने एका वाक्यात देऊन टाकला होता. आणि तरीही छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, हे त्याला कबूल करावं लागलं.

भोंग्यात शेवटचा षड्ज लागला. दोन्ही सनया एकाच सुरात मिळून वाजत होत्या आणि सुरुवातीच्या मानाने पार खाली आल्या होत्या. सूर विरला. रेडिओवाल्याने सावळेराम गुरवाचं नाव सांगितलं, चौघड्यावरच्या रखमाजीचं सांगितलं. सूर धरणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, तेव्हाही सांगितलं नाही.

"लई खाली आलास की रं तू," सावळेराम हळूच म्हणाला.

"तू थांबंनास दादा. मग मी काय करू?"

लोक उठायला लागले होते. पुढे धर्माजी हस्तीमलशेठना, कुठल्या सनईवाल्याची क्यासेट बरी पडेल, ते विचारत होता.