प्रश्न क्रमांक नऊ

धाकटीने मार्केटिंग घेतलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त हसले ते बाबा. सव्वीस वर्षं ते बुटांच्या दुकानात सेल्समन होते. "गिऱ्हाइकाला आधी बसवायचं, मग बोलायचं. झालं तुझं मार्केटिंग. त्याला तीन वर्षं कशाला हवीत?" असं म्हणून ते आईकडे बघायचे. आई म्हणायची, "शिकू द्या हो तिला. तुमच्यासारखे गुडघे झिजवायला नकोत तिने."

कॉलेज अगदी लहान. जेमतेम अडीचशे मुलं, दुमजली इमारत आणि मागे एक मोठं झाड. तिथे साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, चित्रकला असले विषय शिकवत. मार्केटिंग चार वर्षांपूर्वी जरा संकोचतच आत शिरलं होतं, आणि त्या वर्गात नऊ जण होते. मुख्य विषय कोणताही असो, प्रत्येकाने एक जुना विषय घ्यायचाच, असा तिथला नियम होता. धाकटीने वेळापत्रकातली रिकामी जागा बघितली आणि जगात आता कोणीच बोलत नाही अशी एक भाषा घेतली.

ती शिकवणाऱ्यांना मुलं 'सावकाश सर' म्हणत. कोणी घाईघाईने वाचायला लागलं की ते हात वर करून म्हणायचे, "सावकाश! लिहिणाऱ्याला जाऊन दोन हजार वर्षं झाली, आता त्याला कसली घाई?" वर्गात चारच मुलं. सरांनी संसार केला नव्हता. कॉलेज आणि मागच्या गल्लीतली भाड्याची खोली, एवढंच त्यांचं जग. एकेका शब्दापाशी ते पाव तास रेंगाळत. पहिला महिना धाकटी जांभया देत बसली. मग कधीतरी तिच्या लक्षात आलं, की आठवड्यात हाच एक तास आपण घड्याळाकडे बघत नाही.

दुसऱ्या वर्षी मार्केटिंगच्या बाईंनी वर्गाला प्रकल्प दिला तो खुद्द कॉलेजचाच. दरवर्षी मुलं कमी होत चालली होती. प्राचार्य स्वतः वर्गात आले. "मुलं इथे का येतात आणि का येत नाहीत, ते शोधून काढा. काम चांगलं झालं तर नवी माहितीपुस्तिका तुमच्याच हातून होईल," ते म्हणाले. सर्वेक्षणाची प्रश्नावली धाकटीच्या वाट्याला आली.

नववा प्रश्न तिने असा लिहिला होता: 'कोणता विषय तुम्हाला महत्त्वाचा वाटत नाही?' तो काही तिच्या मनासारखा उतरेना. शब्दांचं कोडं घेऊन जावं असा कॉलेजात एकच माणूस होता. सावकाश सरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "महत्त्वाचा म्हणजे कुणासाठी? जगासाठी की तुझ्यासाठी? दहा माणसं दहा अर्थ काढतील. प्रश्नाला एकच अर्थ हवा." दोघं अर्धा तास खोडत बसले आणि शेवटी सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: 'खालीलपैकी कोणता एक विषय इथे नसता, तरी तुम्ही याच कॉलेजात आला असता?'

"वा!" बाई म्हणाल्या. "याला म्हणतात प्रश्न."

दोनशे चौतीस मुलांनी प्रश्नावली भरली. त्यातल्या दोनशे अकरा जणांनी जुन्या भाषेपुढे खूण केली होती. धाकटीने आलेख काढला, तर एक खांब आभाळाला टेकलेला आणि बाकीचे त्याच्या पायाशी. इतकं स्पष्ट उत्तर मिळाल्याचा तिला, खरं सांगायचं तर, आनंदच झाला. सादरीकरणाच्या दिवशी प्राचार्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला. टाळ्या झाल्या. त्या गडबडीत हा खांब म्हणजे कोण, हे तिच्या मनात आलंच नाही.

तीन आठवड्यांनी फळ्यावर सूचना लागली. पुढच्या वर्षापासून जुन्या भाषेचा वर्ग बंद. धाकटीने सूचना दोनदा वाचली. ती तशीच प्राचार्यांच्या खोलीत गेली.

"सर, विषय नसता तरी आला असता का, एवढंच मी विचारलं होतं. तो नको आहे का, असं नव्हतं विचारलं."

"फरक काय त्यात?"

"फरक आहे, सर."

"हे बघ बाळ, दोनशे अकरा मुलांचं त्या विषयावाचून काही अडत नाही, हे तूच दाखवलंस. आमच्या समितीला दोन वर्षांत इतकं स्वच्छ काम जमलं नव्हतं." त्यांना तिचं खरोखरच कौतुक वाटत होतं. तेच तिला सोसेना.

बाईंनी तर विषयच संपवला. "आकडे तुझे, निर्णय त्यांचा. अशा वेळी अंग काढून घ्यायचं असतं. हेही अभ्यासातलंच समज."

पुढचे दोन आठवडे ती सरांच्या वर्गाकडे फिरकली नाही. जिन्यात ते दिसले की मागे वळायची. शेवटी एका दुपारी मन घट्ट करून त्यांच्या खोलीत गेली. सर पुस्तकं खोक्यांत भरत होते.

"सर, तो प्रश्न माझा होता."

"आपल्या दोघांचा," सर म्हणाले. "शेवटचं वाक्य तर माझंच." मग खोक्याला चिकटपट्टी लावता लावता त्यांनी विचारलं, "तू कशापुढे खूण केलीस?"

खोटं बोलता आलं असतं. प्रश्नावलीवर कुठे कोणाचं नाव होतं?

"तुमच्या विषयापुढे," ती म्हणाली. "मी वेळापत्रकात जागा रिकामी होती म्हणून घेतला होता, सर. आवडला तो नंतर. पण प्रश्न 'आला असता का' असा होता."

सर खुर्चीत बसले. "बरोबर आहे," मग म्हणाले. "प्रश्न तसाच होता. खोटी खूण केली असतीस तर मला वाईट वाटलं असतं." चिकटपट्टीचं टोक त्यांना सापडत नव्हतं, ते नखाने शोधत राहिले. "वाईट तर आताही वाटतंय."

धाकटीने टोक सोडवून दिलं.

मग माहितीपुस्तिकेचं काम सुरू झालं. मुखपृष्ठासाठी प्राचार्यांनी फोटो निवडला तो सरांच्या वर्गाचा. झाडाखाली पाच डोकी एका पुस्तकावर वाकलेली.

"पण हा वर्ग तर बंद होतोय," धाकटी म्हणाली.

"वर्ग बंद होतोय. झाड आहे ना?"

"मग यावर माझं नाव घालू नका."

नाव काढलं गेलं, फोटो राहिला. काम दुसऱ्या मुलीने पुरं केलं. प्रकल्प अर्धवट सोडला म्हणून बाईंनी धाकटीचे गुण कापले.

घरी तिने सगळं सांगितलं. आई वैतागली. "मूग गिळून बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" बाबा मात्र हसले नाहीत. पायाला बाम चोळता चोळता म्हणाले, "एकदा मीही एकाला चावणारा बूट विकला होता. मालक समोर उभा होता, म्हणून. आठ दिवसांनी तो माणूस लंगडत आला."

"मग? तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? दुसरा जोड दाखवला." त्यांनी बामाची डबी बंद केली. "त्याने घेतला नाही."

पुढच्या वर्षी एकसष्ट नवी मुलं आली. पुस्तिका यशस्वी झाली, असं सगळे म्हणाले. सरांच्या वर्गात संगणक आले. धाकटी तिसऱ्या वर्षात गेली. आता तिच्या प्रश्नावल्या आणखी नेटक्या व्हायला लागल्या होत्या.

वर्ग बंद झाल्यावर सरांचं त्या गावात काही उरलं नव्हतं. ते दुसऱ्या गावी बहिणीकडे राहायला गेले होते. एका रविवारी चार तास बसने प्रवास करून धाकटी तिथे पोचली. दार बहिणीने उघडलं. आत जाऊन आली आणि कानकोंडी होऊन म्हणाली, "तो विचारतोय, कोणी पाठवलंय?"

"कोणी नाही. मीच आलेय."

सर बाहेर आले. वाळले होते. बसचा रस्ता कसा आहे, मध्ये थांबली का, जेवलीस का, एवढंच विचारलं. भाषेचं नाव त्यांनी काढलं नाही आणि तिचाही धीर झाला नाही. चहा संपला तशी ती उठली.

"सर, पुन्हा येऊ का?"

"परीक्षा झाल्यावर ये," ते म्हणाले आणि आत गेले.

परीक्षेला अजून सात महिने होते. हे 'ये' होतं की 'येऊ नकोस', याचा विचार करत ती थांब्यावर उभी राहिली. बस आली तरी तिचं काही ठरलं नव्हतं.