बुडबुडे कुठून येत होते

समजा, तुम्ही एका काचेच्या टाकीसमोर बसला आहात. टाकी फार मोठी नाही, दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढी. पाणी इतकं नितळ, की पलीकडच्या भिंतीवरचा खिळासुद्धा त्यातून दिसतो. आत चार मासे आहेत, आणि चौघेही पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून नुसती उघडझाप करताहेत. परवापर्यंत ते सात होते. आता तुम्ही काय कराल? उत्तराची घाई नको. बारकीनं घाई केली होती, आणि ती काही तुमच्यापेक्षा कमी हुशार नव्हती.

बारकी दहा वर्षांची, काडीसारखी मुलगी. टाकी तिची. पाणी बदलणं, काच पुसणं, चिमटीनं मोजून दाणे टाकणं, सगळं तीच करायची. त्यांतली एक मासोळी जन्मतःच अर्ध्या शेपटीची होती. दुकानात ती कुणी घेत नव्हतं, म्हणून बारकीनं तीच आधी मागितली. तिचं नाव अर्धी. अर्धी वेडीवाकडी पोहायची, पण दाण्यांपाशी सगळ्यांच्या आधी हजर.

शुक्रवारी संध्याकाळी पहिला मासा गेला. शनिवारी सकाळी आणखी दोन तळाशी आडवे पडलेले दिसले. बाटलीत टाकीतलं पाणी भरून बारकीनं टाकीकाकांचं दुकान गाठलं. हे काका टाक्या आणि मासे विकत, म्हणून त्यांना सगळे टाकीकाकाच म्हणत. त्यांनी तपासणीच्या कागदी पट्ट्या पाण्यात एकेक करून बुडवल्या. प्रत्येक पट्टीचा रंग यायला हवा तसाच आला. काकांनी कान खाजवला. दाणे किती टाकतेस, पाणी कधी बदललंस, फिल्टर कधी धुतलास, सगळं विचारलं. उत्तरं ऐकून ते म्हणाले, की चूक तर कुठेच दिसत नाही. मासा वर येऊन तोंड उघडतो तेव्हा त्याला श्वास पुरत नसतो. एक तृतीयांश पाणी बदल आणि हवा वाढव.

बारकी धावतच घरी आली. बादलीत रात्रभर ठेवून दिलेलं पाणी तिनं हळूहळू टाकीत ओतलं. राहिली हवा.

हवेचा पंप मागच्या खोलीत होता. त्याचंही कारण होतं. बाबा टाकीशेजारीच झोपत, आणि पंपाच्या घुं-घुं आवाजानं त्यांचा डोळा लागेना. मग त्यांनी भिंतीला बोटाएवढं भोक पाडलं, पंप पलीकडे नेऊन ठेवला आणि फक्त हवेची नळी अलीकडे काढली. आवाज गेला, बुडबुडे राहिले. वर्षभर सगळं सुरळीत चाललं होतं.

बाबा लाकडी सामानाला पॉलिश करत. त्यांच्या कारखान्याचं छप्पर दुरुस्तीला निघालं होतं, म्हणून सहा खुर्च्या गुरुवारी घरी, मागच्या खोलीत आल्या होत्या. खिडक्या घट्ट बंद, दाराच्या फटीला कापड. ओल्या पॉलिशवर धुळीचा कण बसला तर तो तिथे कायमचा राहायला येतो, असं बाबा म्हणत. पॉलिश ओलं असताना त्या खोलीत जायची बाबांखेरीज कुणालाच मुभा नव्हती. त्या वासाचं म्हणाल, तर या घरात त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसे. बाबांच्या अंगाला, आईच्या कपड्यांना, बारकीच्या दप्तराला, सगळ्यांना तोच वास.

बारकीनं बाहेरूनच बाबांना हाक मारून पंपाचं बटण वाढवायला सांगितलं. बाबांनी ते शेवटपर्यंत फिरवलं आणि आतूनच ओरडले, "घे, तुझ्या माशांसाठी वादळ सोडलंय."

रविवारी दुपारी मासे जास्तच बिघडले. अर्धी तर एका कुशीवर कलली होती. "दाण्यांचा लाड जास्त झाला असेल," आई म्हणाली. तिनं सहज म्हटलं होतं, पण बारकीला ते सुईसारखं टोचलं. तिनं पुन्हा पाणी बदललं. बादलीत आता अर्धंच पाणी उरलं. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्याशिवाय टाकायचं नाही, हे तिला पाठ होतं. म्हणजे उद्यापर्यंत एवढंच. अर्धी उद्यापर्यंत टिकणार नव्हती. बारकीनं काचेला कपाळ टेकलं आणि रडली. हुंदके देऊन झाल्यावर तिच्याजवळ करण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा ती नुसती बघत बसली.

मुलांनो, या नुसत्या बघण्याला कमी लेखू नका.

चारही मासे डाव्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून होते. बुडबुडे उजवीकडे होते. श्वास पुरत नसेल, तर मासे बुडबुड्यांपाशी गोळा व्हायला हवेत. हे तर त्यांच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं गेले होते. आणि बुडबुडे फुटत तिथे पाण्यावर तेलकट, रंगीत साय धरली होती.

बारकीनं नळीचं टोक पाण्याबाहेर काढलं आणि चेहऱ्यासमोर धरलं. हवेचा झोत नाकावर आला. तिचे डोळे चुरचुरले. नेहमीचाच वास, पण इतका जाड, की घशात अडकावा. ती नळीवरून नजर फिरवत भिंतीतल्या भोकापर्यंत गेली, आणि मग तिला भोकापलीकडची बंद खोली दिसल्यासारखी झाली. तीन दिवस पंप त्या खोलीतली पॉलिशची वाफ ओढत होता, आणि ती माशांना हवा म्हणून तेच पाजत होती. आणि कालपासून तर जोर लावून.

तिनं नळी टाकीबाहेर सोडून दिली. मग बादली गॅलरीत ओढली, जाळीनं एकेक मासा उचलून अर्ध्या बादलीत सोडला. अर्धी शेवटी. पण बादलीत हवा कुठली? पंप तर खोलीत, सहा ओल्या खुर्च्यांच्या पलीकडे.

तिची धावपळ ऐकून बाबा बाहेर आले. काय झालं ते बारकीनं तुटक तुटक सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बटण मीच फिरवलं."

"मीच सांगितलं होतं," बारकी म्हणाली.

ते वळले. दार सताड उघडून पंप आणायला निघाले, खुर्च्यांचं जे व्हायचं ते होवो म्हणून. बारकीनं मान हलवली. आत तीन दिवस ती हवा प्यालेला पंप आता उपयोगाचा नव्हता. मग बाबा बादलीशी वाकले आणि त्यांनी मदतीला हात पुढे केले. नखांपर्यंत तपकिरी, चिकट हात.

"बाबा, हात नको," ती हळूच म्हणाली.

बाबांनी हात मागे घेतले आणि पाठीशी धरून उभे राहिले.

पाणी उंचावरून ओतलं की पडताना ते हवा सोबत घेऊन जातं, हे टाकीकाकांनी तिला कधीतरी सांगितलं होतं. बारकीनं मग साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, तीन वेळा खळखळून. आईकडून स्वच्छ तांब्या मागितला. बादलीशी मांडी घालून तिनं बादलीतल्याच पाण्यानं तांब्या भरला, खांद्याएवढा उंच नेला आणि बारीक धारेनं, माशांपासून लांब, कडेकडेनं ओतला. अर्धी कुशीवरच होती. कल्ले हलत होते की नाही, ते लाटांमुळे कळेना. बारकीनं तांब्या पुन्हा भरला.