चटणीखालची नावं

मथुराबाईला उभ्या आयुष्यात कुणी पेचात पकडलं नव्हतं. ते काम सुनेनं केलं, आणि तेही सातव्या महिन्यात, सुजलेले पाय उशीवर टाकून.

"आई, डोहाळजेवण करायचं तर स्टीलच्या ताटांत," ऋतुजा म्हणाली. "पत्रावळ्या आणल्या तर मी आत जाऊन दार लावून बसेन."

ऋतुजा कुर्डुवाडीची, रेल्वेतल्या माणसाची लेक. एकदा बोलली की गाडी सुटली. साखळी ओढून उपयोग नाही. तिचा नवरा दिग्विजय चिंचोळीच्या कारखान्यात कामाला. त्यानं एकदा आईकडं बघितलं, एकदा बायकोकडं, आणि डबा उचलून सटकला. पुरुषांना अशा वेळी ड्युटी बरी आठवते!

आता स्टीलची ताटं काय, गल्लीत होती की. मारुतीच्या देवळात कपाटभर होती आणि किल्ली शेजारच्या फुलाबाईकडं असायची. पण गोम निराळीच होती. गल्लीतलं कुणी गेलं, की वर्षश्राद्धाला त्या घरानं देवळाला पाच ताटं द्यायची, अशी इथली जुनी रीत. प्रत्येक ताटात, कडेशी, गेलेल्याचं नाव कोरलेलं आणि नावाआधी 'कै.'. त्यामुळं ती ताटं बाहेर निघायची ती तेराव्याला नाहीतर श्राद्धाला. लग्न, बारसं, डोहाळजेवण म्हटलं की चंदेरी पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे पेले. माणूस गेल्यावर स्टील आणि येताना कचरा, असा आमच्या लोकांचा उफराटा न्याय.

"अगं, पोटुशीम्होरं मेलेल्याचं ताट मांडू व्हय?" मथुराबाई कडाडली. "लोक तोंडात शेण घालतील माज्या."

"शेणाचं खत तरी होतं, आई. पत्रावळीचं काय होतं ते या खिडकीतून बघा."

मथुराबाईनं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. घरामागं नाला होता. गल्लीत कुणाचंही कार्य झालं की उष्ट्या पत्रावळ्यांची पोती तिथं जायची. घंटागाडी सकाळी येते, पण पाहुणे रात्रीच घर साफ मागतात ना! मग नाला तुंबायचा, पेल्यापेल्यात पाणी साठायचं आणि डासांची पंगत बसायची. गेल्या साली गल्लीत घरोघरी डेंग्यू झाला. ऋतुजाला तेव्हा तिसरा महिना होता. ती तापातून उठली; पोटातलं राहिलं नाही.

त्यानंतर घरात कुणी त्याचा विषय काढला नाही. मथुराबाईनं शिवून ठेवलेली दुपटी ट्रंकेच्या तळाशी घातली, गुपचूप नारळ उतरवला, मनाशीच नजर लागली म्हणाली, ग्रहण पाळलं नाही म्हणाली. दोष द्यायचा तेवढ्यांना दिला, फक्त नाल्याचं नाव घेतलं नाही. कसं घेणार? दिग्विजयच्या लग्नाच्या पत्रावळ्याही तिथंच गेल्या होत्या.

मथुराबाई उठली, पायात चपला सरकवल्या आणि फुलाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"ताटं देते की गं," फुलाबाई म्हणाली. "पण घासायची कुणी? मागं जेवलेली बाई आपलं ताट घासूनच घरला जायची. आता हात पुसत्यात आन् चालत्यात."

"घासतील. मी सांगते."

"मग घासतील. तुज्या तोंडाला मारुती बी भितोय."

ताटं घरी आली. मथुराबाईनं एकेक उलटंपालटं करून बघितलं, 'कै.' नाही असं एकही निघेना. सुनेला नाही म्हणवेना आणि मनातली भीती जाईना. या खेपेला तरी सगळं सुखरूप होऊ दे, एवढंच तिला देवाकडं मागायचं होतं, आणि त्यात असला अपशकुन! शेवटी तिच्या डोक्यात एक नामी युक्ती आली. नाव कोरलंय ते डाव्या अंगाला, चटणी वाढतात तिथंच. मग नावावर शेंगाचटणी वाढायची, चांगली ढीगभर! वाढणाऱ्या पोरींना तिनं बजावून ठेवलं, "चटणी इकडं तिकडं झाली तर गाठ माज्याशी हाय."

डोहाळजेवणाला गल्ली लोटली. हिरवं लुगडं, फुलांचे दागिने, ऋतुजा कशी देखणी दिसत होती! पंगत बसली, चटणीचे ढीग बरोबर जागेवर पडले आणि मथुराबाईनं सुस्कारा सोडला.

पण युक्तीत एक खोट होती. चटणी मथुराबाईच्या हातची होती, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. करकंबहून आलेल्या तिच्या थोरल्या नणंदेनं, शिवबाईनं, पुरणपोळीला हात लावायच्या आधी बोटानं चटणीच चाटून पुसून साफ केली. आणि तिला शाळेत चार बुकं शिकल्याची लई घमेंड.

"कैलासवासी... अगं बया बया!" ती किंचाळली. "वैनी, पोटुशीच्या पंगतीला मड्याची ताटं?"

सगळ्यांचे घास हातात राहिले. एकेकीनं चटणी बाजूला सारली. ऋतुजाचा हात ताटावरच थांबला आणि तोंड एवढंसं झालं.

चार दिवस मथुराबाई मनात हेच घोकत होती. पण तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि तिच्या अंगाचा भडका उडाला.

"वन्सं, फुडं वाचा की. थांबला का?"

"महिपती..." शिवबाई पुटपुटली.

"महिपती म्हंजे कोपऱ्यावरचा शिंपी. माज्या दिगूचं पयलं अंगडं त्यानं शिवलं, कापड बी त्याचंच. फुलाबाई, तुज्याम्होरं कोण हाय?"

"यज्ञेश्वर गुरुजी."

"निम्म्या गल्लीला पाटी धरायला शिकवली त्यांनी. ही काय भुतं हायत व्हय? आपली माणसं हायत. ही माज्या सुनेचं वाईट करतील? वाईट केलं ते मागं नाल्यात पडलंय, आन् ते आपुनच टाकलंय, मी बी टाकलंय." तिचा आवाज चिरकला. "माजं पयलं नातवंड त्या नाल्यानं नेलं. कपाटात समद्या गल्लीची ताटं हायत, वन्सं. त्या एकाचंच न्हाय. त्याला नाव ठिवायला मिळालंच न्हाय आमाला."

ऋतुजा सासूकडं बघतच राहिली. वर्षभर तिला वाटत होतं की या घरात तिच्याशिवाय ते कुणाच्या ध्यानातसुद्धा नाही.

"आई, वाढणं राहू द्या," ती म्हणाली. "माझ्याजवळ बसा."

मथुराबाई बसली. ऋतुजानं पुरणपोळीचा पहिला घास तुपात बुडवला आणि सासूला भरवला. मथुराबाईनं तो डोळे पुसत पुसत खाल्ला आणि दुसरा घास सुनेच्या तोंडात घातला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यात फुलाबाईचं हुंदके देणं काही थांबेना.

शिवबाई मात्र मान खाली घालून ताटाकडं बघत होती. तिनं पदराच्या टोकानं ताटाची कड हळूच पुसली आणि वाढणाऱ्या पोरीला हाक मारली.

"ए पोरी, चटणी आण. आन् ह्या नावावर नगं गं वाढू. हिकडं, बाजूला वाढ."