रिकाम्या ड्रममधलं धुणं

कपडे पिळायची वेळ आली की माधवराव मुळ्यांचं मशीन असं काही घरघरायचं, की रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चाललाय की आपल्याच मागच्या पडवीत काही कोसळतंय, हे स्वयंपाकघरात उभ्या माणसाला कळू नये. राहुरीत कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरचा आवाज दिवसभर असतोच, म्हणून सुरुवातीला त्यांनी तिकडे कानाडोळा केला. पण एका रविवारी मशीन सरकत सरकत भिंतीपासून हातभर पुढे येऊन उभं राहिलं आणि त्याच्या पोटाखालून काळसर, वंगणाळ पाण्याचा ओघळ मोरीकडे निघाला, तेव्हा मात्र कंपनीच्या माणसाला बोलवावंच लागलं.

त्यानं दार उघडून ड्रम हातानं हलवून पाहिला. "बेअरिंग गेलंय सर. आणि हा टब उघडत नाही, दोन्ही अर्धे वितळवून एकजीव केलेले असतात. पूर्ण जोडच बदलावा लागतो, आणि या मॉडेलचा जोड आता येत नाही. नवीन घ्या." मग घरात एकवार नजर फिरवून म्हणाला, "तसं एकट्या माणसाला एवढं मोठं मशीन लागतं कशाला म्हणा!"

माधवरावांनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. मशीन निवेदितानं, त्यांच्या बायकोनं, निवडलेलं होतं. पुढून दार असलेलंच हवं, काचेतून धुणं फिरताना दिसतं, हा तिचा हट्ट. दुपारचा चहा ती या मशीनसमोर स्टुलावर बसून प्यायची, इतर बायका मालिका बघतात तशी. ती गेल्याला आता दोन वर्षं होत आली होती. मूल नव्हतं. एकदा व्हायचं होतं. सातव्या महिन्यात ते राहिलं नाही, आणि पुढे दोघांनीही तो विषय कधी काढला नाही. निवेदिता नेवाशाची, त्यामुळे मुलगी झाली तर ज्ञानेश्वरी, हे तेव्हा ठरलं होतं, एवढंच.

विद्यापीठात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत उभा जन्म गेलेल्या माणसाला यंत्रं उघडण्याची भीती नसते. मोबाईलवर दुरुस्तीच्या चित्रफिती पाहून त्यांनी मनाची तयारी केली आणि पुढच्या सुट्टीला नगर गाठलं. बसवरची पाटी बदलली असली तरी त्यांच्या तोंडी नगरच होतं. भंगार बाजारात अजिनाथ नावाच्या दुकानदाराकडे त्यांना हवा तोच टब आणि ड्रमचा जोड मिळाला. आतलं पोलाद नव्या ताटासारखं लखलखीत.

"एवढा चांगला माल भंगारात कसा?" त्यांनी विचारलं.

"वापरलाच न्हाई जास्ती. घरच्यांनी आख्खं मशीन दिलं काढून."

"बिघडलं होतं?"

"न्हाई ओ. चालू हुतं. आता गरज ऱ्हायली न्हाई म्हनले." अजिनाथनं ड्रमवर टिचकी मारली. "तुमाला काय करायचंय? आवाज बघा, देवळातल्या घंटेगत हाय."

दुरुस्ती त्यांनी आपल्या पद्धतीनं, निवांत केली. प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टी लावून तीवर ती कुठली ते लिहिलं, काढलेले स्क्रू वाट्यांमधून वेगवेगळे ठेवले, मशीन हलू नये म्हणून आत बसवलेलं सिमेंटचं वजन छातीशी धरून खाली उतरवलं, पट्टा, मोटर, हीटर सोडवले, आणि जुना टब स्प्रिंगांवरून उचलताना कंबरेत उसण भरली तेव्हा दोन दिवस थांबले. हीटरवर पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर होता, तो लिंबूसत्त्वात भिजवून काढला. जोड दुसऱ्याच्या घरचा म्हणून त्यांनी विजेरीनं त्याची कसून तपासणी केली. टब आणि ड्रमच्या मधल्या फटीत बाळाचा मोजा नाहीतर रुमाल जाऊन बसतो, हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. फटीत काही नव्हतं. बेअरिंग आणि सील त्या जोडातलंच, नव्यासारखं; दाराचं रबर तेवढं नवं. सगळं जागच्या जागी बसलं.

असं काम झालं की मशीन पहिल्यांदा रिकामं चालवायचं असतं. कपडे न घालता, गरम पाण्यावर, म्हणजे वंगण, धूळ, आधीच्या घरचं जे काय असेल ते धुऊन जातं. त्यांनी मशीन सुरू केलं आणि निवेदिताच्या स्टुलावर बसून राहिले. आवाज इतका मऊ होता, की त्यांना एकदम एकटं वाटलं. शेवटी दाराचं कुलूप टक्‌ करून सुटलं, आणि त्यांनी ड्रमच्या आतल्या बाजूवरून हात फिरवायला म्हणून दार उघडलं, तर तळाशी एक झबलं होतं.

पांढरं, पाठीवर नाड्या असलेलं, पुष्कळ धुण्यांनी मऊ पडलेलं. निवेदिताच्या सातव्या महिन्यात तिच्या मावशीनं असंच एक जुनं झबलं शेजारच्या लेकुरवाळ्या घरातून मागून आणलं होतं. बाळाला पहिलं वस्त्र नवं घालत नाहीत म्हणून. माधवरावांनी झबलं हातात घेतलं. ते ओलं होतं, कोमट होतं. फटीत राहिलं असणार, विजेरीच्या उजेडात आपल्याला दिसलं नसणार. त्यांनी ते पिळलं आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलं.

त्यांचे स्वतःचे कपडे त्यांनी दोनदा धुतले. काही झालं नाही. मग एका सकाळी, सीलमधून पाणी झिरपत नाही ना हे बघायचं असं स्वतःला सांगून, त्यांनी मशीन पुन्हा रिकामं लावलं. या खेपेस निळ्या कडेचं अंगडं निघालं, आणि ते झबल्यापेक्षा दोन बोटं मोठं होतं.

यानंतर फटीचं कारण त्यांनी स्वतःलाही दिलं नाही. ते फक्त मशीन रिकामं लावू लागले. एक दुपटं निघालं, त्यावर दुधाचा न निघालेला डाग होता. मग लहानशी चड्डी, गुडघ्यावर माती घासलेली. म्हणजे आता रांगते. मग फुगीर बाह्यांचा पिवळा फ्रॉक, आणि त्याच्या खिशात चुरमुऱ्याचा लगदा. माधवराव प्रत्येक कपडा हातानं पुन्हा एकदा साध्या पाण्यातून काढत, मागच्या दोरीवर वाळवत, सुटलेली बटणं लावत, इस्त्री करत आणि निवेदिताच्या कपाटातल्या मधल्या फळीवर घडी घालून ठेवत. प्रयोगशाळेतून ते आता वेळेवर घरी येऊ लागले. स्वयंपाक करताना गुणगुणू लागले. कपड्यांतल्या त्या पोरीकडून एक गोष्ट मात्र त्यांना हवी होती, आणि ती त्यांनी देवासमोर बोलूनही दाखवली नव्हती: तिनं वाढत राहावं.

दूध घालायला येणाऱ्या, भिंतीपलीकडच्या गोजरबाईंनी फ्रॉक पाहिलाच. त्यांच्या गोठ्यात दोन गाई होत्या आणि डोळ्यांतून काही सुटत नसे.

"मुळेभाऊ, दोरीवर कुनाचा हो फ्रॉक?"

"बहिणीची नात आलीय." हे वाक्य आधीपासून तयार असल्यासारखं निघालं.

"आगं बया! आन् आमाला सांगितलं बी न्हाई. नाव काय?"

"ज्ञानेश्वरी."

"माउली घरात आली म्हना की!" गोजरबाईंनी पातेल्यात दुधाची धार वाढवली. "हे लेकराचं. कुठं हाय? दाखवा तरी."

"झोपलीय."

"झोपू द्या. पर एक सांगते, तुमी शिकल्याली मान्सं, हसाल. लेकराची कापडं दिवेलागनीच्या आत घरात घ्यायची. अंधारात दोरीवर ऱ्हायली तर न्हाई चांगलं."

माधवराव हसले खरे, पण त्या दिवसापासून सूर्य कलायला लागला की ते दोरी मोकळी करू लागले. पुढे शाळेचा गणवेश निघाला, आकाशी चौकड्यांचा, पट्ट्याला शाई लागलेला. गोजरबाई तो बघून म्हणाल्या, "लई भराभरा वाढती हो तुमची नात. आमच्या कालवडीला बी मागं टाकलं." आणि जरा थांबून, "दिसत मातर न्हाई कधी."

"लाजते," माधवराव म्हणाले.

गणवेश धुऊन त्यांनी सकाळी दोरीवर टाकला आणि कार्यालयाच्या कामासाठी नगरला गेले. दुपारीच परतायचे होते. काम लांबलं, मग बस लांबली, आणि विळदच्या पुढे उसाची एक ट्रॉली आडवी झाल्यानं गाड्यांची रांग लागली. खिडकीतून त्यांना उन्हाचा रंग उतरताना दिसत होता. गोजरबाईंना फोन करून गणवेश आत घ्यायला सांगावं, असं मनात आलं. पण मग त्या विचारतील, पोरगी एकटीच घरात ठेवून गेलात व्हय? फोन त्यांच्या हातातच राहिला. घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. गणवेश दोरीवर जागच्या जागी होता, दवानं जरा जड झालेला. त्यांनी तो छातीशी धरून घरात आणला, झटकला, पुन्हा वाळवला. त्याला काहीच झालेलं नव्हतं.

त्यानंतर मशीनमधून काही निघालं नाही.

त्यांनी ते थंड पाण्यावर लावलं, गरम पाण्यावर लावलं. पाणी स्वच्छ यायचं आणि स्वच्छ जायचं. नळाला दिवसाआड पाणी, त्यात वरची टाकी रिकामी होऊ लागली, आणि गोजरबाई म्हणाल्या, "एकटं मशीन फिरतंय नुसतं, काचंतून दिसतंय की! पानी काय फुकट हाय का भाऊ?" नातीबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा ती आईकडे गेली, असं माधवरावांनी सांगितलं.

मग त्यांनी मशीन पुन्हा उघडलं. वजन उतरवलं, पट्टा काढला, पंपाची जाळी धुतली, फटीत विजेरी धरून किती तरी वेळ पाहत राहिले. बेअरिंग गुळगुळीत फिरत होतं. सील कोरडं होतं. दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि हेच त्यांना सहन होईना. कारण जे मोडलं होतं ते दोरीवर मोडलं होतं, आणि दोरीचे सुटे भाग कुठल्या बाजारात मिळत नाहीत.

मशीन जोडून झाल्यावर ते कपाटापुढे जाऊन उभे राहिले. मधली फळी भरली होती. झबल्यापासून गणवेशापर्यंत सगळं इस्त्रीच्या कडक घड्यांत, एकावर एक. आणि तेव्हा त्यांच्या मनात एक साधा विचार आला, इतका साधा की तो आधी कसा आला नाही याचीच त्यांना लाज वाटली. धुणं धुऊन झालं की ज्याचं त्याला परत द्यायचं असतं. त्यांनी एकही कपडा परत दिला नव्हता. थंडीचे दिवस होते, आणि पोरीचं सगळंच्या सगळं इथे, त्यांच्या कपाटात होतं.

रविवारी दुपारी त्यांनी सगळे कपडे ड्रममध्ये घातले. दार लावण्याआधी घड्या मोडल्या, कारण घडीतल्या कपड्यात पाणी नीट शिरत नाही. मग स्टुलावर बसले. काचेमागे पिवळा, आकाशी, पांढरा रंग एकमेकांत मिसळून वर जात होते आणि खाली पडत होते. पिळायची फेरी सुरू झाली तेव्हा रंगांचा एकच पट्टा झाला, मग तो पट्टा फिका होत गेला, आणि मशीन थांबलं तेव्हा काचेमागे पोलाद चकाकत होतं. कुलूप टक्‌ करून सुटलं. त्यांनी दार उघडून आत खांद्यापर्यंत हात घातला. ड्रम रिकामा होता, आणि कोमट.

तिचे तिला मिळाले तर मिळाले, असं ते मनात म्हणाले. आता काही मागायचं नाही. दार त्यांनी उघडंच ठेवलं, रबर वाळावं म्हणून, आणि बसून राहिले. पडवीत ऊन होतं. पलीकडे गाईच्या गळ्यातली घंटा वाजली, आणि बादली ठेवल्याचा आवाज झाला.

"आली की तुमची माउली!" गोजरबाई भिंतीवर कोपर टेकून उभ्या होत्या. चेहरा हसरा होता, पण हसू अर्ध्यावर थांबलं. "अवं पर हे काय भाऊ? लेकरू निथळतंय नुसतं, आन् तुमी बसलाय बघत!"

माधवरावांनी पडवीभर नजर फिरवली.

"आन् सगळी कापडं एकावर एक कुनी चढवली तिच्या अंगावर? गनवेश, वरून त्यो फ्रॉक... झबलं तर गळ्यातच अडकवलंय. वल्लीच्या वल्ली घातली व्हय?"

झबलं गोजरबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. ते दोरीवर गेलंच नव्हतं.

कुठे, हा शब्द माधवरावांच्या ओठांशी आला. पण आपल्याच नातीला कुठे म्हणून कसं विचारायचं? त्यांनी गोजरबाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती नजर त्यांच्यात आणि मशीनच्या उघड्या दारात कुठेतरी, खाली लागली होती.

"पुसा की तिला आदी. हिव भरंल. तुमच्याकडंच बघतीया कवाधरनं."

ते उठले. दोरीवरचा कोरडा टॉवेल ओढून त्यांनी दोन्ही हातांत पसरला, एक पाऊल पुढे आले, गुडघ्यांवर बसले, मग पुन्हा अर्धवट उठले. आणि तसेच ओणवे थांबले, कारण टॉवेल किती उंचीवर धरायचा, ते त्यांना कळेना.