सोजरची कबुली

ओल्या फडक्यानं उंबरा पुसताना धुरपदाबाईंचं तोंड हातापेक्षा जोरात चाललं होतं.

"सत्तर वेळा सांगितलं या बाईले, माझ्या दारात काही काढू नको. कान हायेत का सुपं? इसाई झाली तं तिकडे इसाई राह्य. माझा उंबरा काहून बाटवते?"

उंबऱ्यावर राखेनं काढलेला वीतभर क्रूस होता आणि त्याच्या चारी टोकांवर एकेक बिब्बा ठेवलेला. धुरपदाबाईंनी बिब्बे उचलून अंगणात भिरकावले. शेणाची पाटी घेऊन उभ्या असलेल्या सोजरच्या पायाशी ते जाऊन पडले. तिनं ते वेचून पदराच्या गाठीला बांधले.

"बांध घातला व्हता, मोठी माय. एक बापाचा, एक बिब्ब्याचा. दोन्हीकून आता काही शिरत नाही."

"आता! आता शिरून नेनार काय व? न्यायचं ते नेलं ना."

धुरपदाबाईंचा नातू गोटू जाऊन दहा दिवस झाले होते. पाच महिन्यांचा जीव, म्हणून जाळला नव्हता. तापीकाठच्या मळ्यात पुरला होता.

सोजर या घरात वीस वर्षं शेणपाणी करत आली होती. घरातली बाळंतपणंही तिच्याच हातची. चार वर्षांमागे पोटाच्या दुखण्यानं मरायला टेकली तेव्हा कुणीतरी बैलगाडीतून तिला मिशनच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. दीड महिन्यानं ती आपल्या पायांनी चालत परत आली, ती इसाई होऊन. तिथं तिचं नाव मार्था ठेवलं होतं. गावात ते कुणाच्या तोंडी बसलं नाही आणि तिनंही कधी धरून ठेवलं नाही. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर घेतलं म्हणून तिनं मोहरी-मीठ सोडलं नव्हतं. आधी दृष्ट काढताना ती मरीमायच्या नावानं तीनदा ओवाळायची. आता एकदा बापाच्या, एकदा लेकाच्या, एकदा पवित्र आत्म्याच्या नावानं ओवाळायची. तिच्या मते येशू हा सगळ्या भगतांचा भगत होता.

"एका मानसाच्या आंगातली भुतं काहाडली अन् डुकरांत घातली," ती बायांना सांगायची. "पुरा कळप तळ्यात गेला. आपल्या कडू भगतानं कधी एका कोंबडीत तरी घातलं काय?"

बाया हसायच्या. गावचा भगत कडू मात्र हसत नव्हता. त्याच्याकडे जाणारी लेकरं आता सोजरकडे जात होती.

मालती आतून दाराशी आली. गोटूची आई. बुरहानपुरात राजपुऱ्यात राहणाऱ्या मास्तरांची मुलगी, चार बुकं शिकलेली. गोटूच्या बरोबरीनं तीही तापात पडली होती. अजून चौकट धरूनच उभी राहायची.

"आत्याबाई, दुपारी पंच येणार आहेत."

"कोनी बोलावलं?"

"मी. कडूबाबांना निरोप दिला." सोजरकडे न पाहता ती बोलत होती. "माझ्या माहेरी गल्लीतली किती पोरं दवाखान्याच्या औषधानं उठून बसली, मी डोळ्यांनी पाहिलंय. इथं चार दिवस औषध पाजलं, तरी गेला. मग त्या औषधाच्या वर हात कुणाचा होता? हेच मला विचारायचंय."

ती आत गेली. धुरपदाबाईंच्या हातातलं फडकं उंबऱ्यावर तसंच राहिलं.

औषध सोजरनंच आणलं होतं. ताप उतरेना तेव्हा न सांगता सवरता ती तीन कोस चालत मिशनच्या दवाखान्यात गेली आणि लाल औषधाची बाटली घेऊन संध्याकाळी परत आली. धुरपदाबाईंनी तिला उंबऱ्यातच अडवलं. त्या लोकांच्या हातचं पाणी माझ्या नातवाच्या पोटात जाणार नाही, म्हणाल्या. शालिग्राम, त्यांचा लेक, कापूस घेऊन शाहपूरच्या बाजाराला गेला होता. मालती माजघरात शुद्धीवर नव्हती. सोजर बाटली छातीशी धरून उभी राहिली आणि तिनं विचारलं, मंग काय करू, मोठी माय? धुरपदाबाई म्हणाल्या होत्या, शिंपड. तुमच्यात शिंपडतातच ना?

सोजरला ते पटलं होतं. तिच्याही डोक्यावर सिस्टरनं पाणीच शिंपडलं होतं आणि ती जगली होती. चार दिवस, दिवसातून तीन वेळा, ती गोटूच्या झोळीभोवती चमच्यानं ते औषध शिंपडत राहिली. मोहरी-मीठ ओवाळायची, तीन नावं घ्यायची, शिंपडायची. माजघरातून मालतीला अर्धवट शुद्धीत बाटलीच्या बुचाचा आवाज ऐकू यायचा आणि चमच्याचा.

"सोजरे." धुरपदाबाईंनी आवाज खाली आणला. "तू जाय. आत्ताच जाय मिशनमधे. शेन मी टाकते."

"काहून?"

"काहून म्हनते! डोंगरातल्या त्या पाड्यावरच्या बाईचं ऐकलं नाही का? डाकीन म्हनून केस कापले, गावाबाहेर काहाडली. तिसऱ्या दिशी नाल्यात सापडली."

सोजरनं पाटी खाली ठेवली. "मी जात नाही, माय. मी कबूल करनार हाये."

"काय कबूल करशील?"

"लेकरू माझ्या हातून गेलं. तुम्ही आत गेल्यावर मी पाजायले पाह्यजे व्हतं. मलेच वाटलं, येशूच्या नावानं शिंपडलं तरी चालते. दहा दिवस झाले, झोप नाही मले. तिथं पाद्रीबाबाच्या समोर आपल्या तोंडानं बोललं की धुतलं जाते. त्याच्यापरी पंचाईतीच्या समोर बोलते. पंचाईत बी देवाचीच ना?"

"अन् माझं?"

"तुमचं नाव नाही घेनार." सोजर जणू धीर देत होती. "तसा कायदाच हाये. आपलं आपलंच बोलायचं असते. दुसऱ्याचं नाही."

धुरपदाबाईंनी फडकं पिळलं. पाणी केव्हाच निथळून गेलं होतं, तरी पिळत राहिल्या.

दुपारी पंच अंगणात येऊन बसले. मध्ये भिकन पटेल, बाजूला चार म्हातारे, आणि कडू कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून. भिंतीपाशी अर्धं गाव उभं होतं. या वर्षात दोन वासरं गेली होती, रंभाबाईची म्हैस आटली होती, आणि आता हे. शालिग्राम पंचांच्या मागं उकिडवा बसून जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता.

"हे पाहा, मारझोड नाही," पटेल म्हणाला. "जमाना बदल गया है. राजेरजवाडे सह्या करून मोकळे झाले, तिथं आपली पटेलकी काय चीज हाये. उद्या जमादार माझ्या दारात येईल. गाव सोड म्हनायचं, बस."

"केस तं कापा लागतील," कडू म्हणाला. "केसांतच असते त्याहिचं बळ."

"ते नंतर. आधी घरच्यांचं आयकू." पटेल ओट्याकडे वळला. "धुरपदामाय, लेकरू तुमच्या घरचं. तुमचा सबद आखरी. तुम्ही म्हनसाल तसं."

ओट्यावर धुरपदाबाई खांबाला पाठ न टेकता बसल्या होत्या. मागं दारात मालती. तिचा श्वास त्यांना मानेवर जाणवत होता.

"आधी तिले विचारा," त्या म्हणाल्या.

कडू पुढं झाला. "बोल व, सोजरे. लेकरू कोनी खाल्लं?"

सोजर अंगणाच्या मधोमध गेली आणि गुडघ्यांवर बसली. गावात कुणी असं बसत नसे. दोघीतिघी बाया मागं सरकल्या. तिनं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली आणि मग, जुन्या सवयीनं, मुठीनं आपल्यावरून तीनदा ओवाळून मूठ जमिनीवर झाडली.

"लेकरू माझ्या हातून गेलं," ती स्पष्ट म्हणाली. "माझा गुनाह. मी कबूल करते. मले माफ करा."

पटेल काही विचारणार होता, ते त्यानं गिळलं. कबुली इतकी सोपी मिळेल असं कडूलाही वाटलं नव्हतं. तो क्षणभर गोंधळल्यासारखा इकडेतिकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आयकलं? तिच्याच तोंडानं."

सोजरनं डोळे मिटले होते. दहा दिवसांनी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. पाण्यासाठी मान पुढं करावी तशी तिनं मान पुढं केली आणि ती वाट पाहू लागली.

भिंतीपाशी कुणीतरी वाकलं आणि हातात काहीतरी घेऊन उभं राहिलं. लोटू न्हाव्यानं धोकटी काखेतून काढून समोर घेतली. शालिग्रामच्या हातातली काडी मोडली.

"मला तिचे डोळे पाहायचेत," मालती दारातून म्हणाली. "डोळे उघड म्हणा तिला. माझ्या गोटूला कसं नेलं ते माझ्याकडे बघून सांग म्हणा."

"बस," पटेल म्हणाला. "झालं आता. धुरपदामाय, हो म्हना म्हंजे संपलं."

धुरपदाबाई उठल्या. साठीची बाई, पण ओट्याच्या तीन पायऱ्या उतरताना त्यांनी कुणाचा हात घेतला नाही. डोक्यावरचा पदर त्यांनी सारखा केला. मालतीकडे वळून पाहिलं नाही. त्या सरळ सोजरपर्यंत गेल्या आणि तिच्या पुढ्यात, लोकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"डाकीन म्हनतात हिले," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच होता, विहिरीवर बायांना ऐकू जाई तो. "वीस वर्सं माझ्या घरात हाये. उठ म्हनलं तं उठली, बस म्हनलं तं बसली. बाटली घेऊन आली, मी म्हनलं पाजू नको, तं पाजलं नाही. मी म्हनलं शिंपड, तं चार दिवस शिंपडत बसली. थेंब नाही गेला त्याच्या पोटात. डाकीन अशी कोनाचं आयकते काय रे, कडू?"

मागं, दारात, काहीतरी चौकटीवर आपटलं; बांगड्या असाव्यात, किंवा डोकं.

सोजरनं डोळे उघडले होते. "मोठी माय," ती पुटपुटली, "दुसऱ्याचं नाही बोलायचं. अन् तुम्ही तं..."

"गप."

लोटूच्या धोकटीत वस्तरा हलल्याचा आवाज आला. धुरपदाबाईंनी खाली पाहिलं. सोजरच्या गुडघ्यांशी मातीत दोन खळगे पडले होते.

"तू डाकीन नाही, सोजरे. तू येडी हायेस," त्या म्हणाल्या. "ऊठ तिथून. जागा दे मले."