दोन बोटं उंच

बोलतेय ती मी, भवानी पेठेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली जुनी जीप. उद्या मला नवा मालक घेऊन जाणार आहे. आज तो येऊन मला चहूबाजूंनी बघून गेला. टायरला एक लाथही मारली. जुनी गाडी घेणारे सगळेच मारतात, त्यातून त्यांना काय कळतं देव जाणे. मग कमरेवर हात ठेवून म्हणाला, "गाडी बसकी वाटते. वीतभर उचलून घेतो." ते ऐकलं आणि म्हटलं, जायच्या आधी आपणही चार शब्द बोलून घ्यावेत.

माझी पहिली वर्षं पलटणीत गेली. तिथलं सांगण्यासारखं काही नाही. हुकूम झाला की पळायचं, नाहीतर उन्हात तापायचं. मग लिलाव झाला आणि मला गुरुबसप्पानं घेतलं. हा चादरींचा व्यापारी. सकाळी सुताचे गठ्ठे लादून अक्कलकोट रोडच्या मागांवर जायचं, दुपारी विणलेल्या चादरी घेऊन पेठेत परतायचं, हा माझा रोजचा धंदा. आणि आठवड्याला मैंदर्गीचा बाजार. गुरुबसप्पा माणूस लाख, पण चारचौघांत हसं झालेलं त्याला मुळीच खपत नसे.

बाजाराच्या दिवशी माझ्या पुढच्या सीटवर त्याची आई बसायची, निंगव्वा. अंगावर इरकली लुगडं, मांडीवर शेंगाचटणीचा डबा. मैंदर्गीत तिची थोरली बहीण राहायची, गंगव्वा. तिचे डोळे गेलेले, घरात दुसरं कोणी नाही. निंगव्वा दिवसभर तिच्याजवळ बसे. दोघी कानडीत बोलत आणि मराठीत भांडत. भांडण बहुतेक चटणीतल्या मिठावरून व्हायचं.

गंगव्वाचं घर बाजाराच्या पलीकडे, गाडीवाटेला होतं. बैलगाड्यांनी दोन्ही बाजूंनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या आणि मधोमध कडक मुरमाचा उंचवटा. चाकं चाकोरीत उतरली की तो उंचवटा थेट माझ्या पोटाला लागायचा. पोटाशी असतं इंजिनाच्या तेलाचं चेंबर. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा एका बाजाराला ते चेंबर फुटलं आणि सगळं तेल वाटेवर सांडलं.

मला बैल जुंपून ओढत न्यावं लागलं, तेही भरल्या बाजारातून. बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा होत्या. मैंदर्गीचा एक आडत्या, रुद्रप्पा, त्याची जीप चांगली उंच होती. तो दुकानाच्या पायरीवरून म्हणाला, "गुरुबसप्पा, पेट्रोलपेक्षा कडबा स्वस्त पडतोय की!" सगळा बाजार हसला. मला काय, मी लोखंड. गुरुबसप्पाच्या मात्र ते फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं मला ईरप्पा मिस्त्रीकडे नेलं. चाकांवर माझं अंग तोलून धरणारे लोखंडी पाटे असतात. त्यांत जादा पाटा घातला की गाडी उंच होते. किती उचलू, असं ईरप्पानं विचारलं. गुरुबसप्पानं पंजा ताणून वीत दाखवली. चार बोटं पुरतील असं ईरप्पा एकदा पुटपुटला, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं लॉरीचे पाटे कापून माझ्यात घातले.

मी उंच झाले खरी. पण डांबरी रस्त्यावर वळताना डोलायला लागले आणि खालचा शाफ्ट खडखड करायला लागला. गुरुबसप्पाला त्याचं काही नव्हतं. पेठेतले लोक मला बघायला जमले, तेव्हा त्याची छाती फुगली होती.

बाजाराचा दिवस आला. निंगव्वा डबा घेऊन बाहेर आली. तिची चढायची एक रीत होती: समोरच्या काचेच्या चौकटीची दांडी धरायची, "शिवा शिवा" म्हणायचं आणि उजवा पाय आत टाकायचा. त्या दिवशी पाय उचलला, तो माझ्या काठाच्या खालीच राहिला. तिनं पुन्हा उचलला. दुखरा गुडघा वर येईना. भोवती बघ्यांची गर्दी, त्यांच्यात लेक हसऱ्या तोंडानं उभा. काखेत हात घालून कुणी आपल्याला गठ्ठ्यासारखं वर चढवावं, हे तिला मेली तरी सोसवलं नसतं. आणि पोराचा आनंदही मोडायचा नव्हता. तिनं पाय खाली घेतला. चूल चालू राहिली वाटतं, असं म्हणत आत गेली आणि सुनेच्या हातून डबा पाठवून दिला.

पुढच्या बाजाराला तिची पाठ दुखली. त्याच्या पुढच्याला पाहुणे यायचे होते, ते काही आले नाहीत. गुरुबसप्पाला वाटलं, बहिणीबहिणींचं बिनसलं असेल, बायकांच्या भांडणात आपण कशाला पडा.

तिकडे माझा आवाज ऐकून गंगव्वा चाचपडत दारात यायची, "निंगी आली का रे?" गुरुबसप्पा डबा हातात द्यायचा. ती डबा घ्यायची, तरी थोडा वेळ सीटच्या बाजूला तोंड करून उभी राहायची. एका बाजाराला मात्र ती दारात आलीच नाही. आतूनच तिनं निरोप दिला, "तिला सांग, मी चटणीला बोलले ते मनात धरू नको म्हनावं. चटणी चांगली हुती."

हा निरोप गुरुबसप्पानं घरी येऊन निंगव्वाला सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारी, पेठ जेवून आडवी झाली असताना, ती एकटीच शेडमध्ये आली. दांडी धरली. चाकाच्या मधल्या भागावर, जिथं माझं ग्रीस पाझरतं, तिथं पाय टेकवला आणि अंग वर ओढलं. पाय घसरला. दुसऱ्यांदाही घसरला. मग ती माझ्या मडगार्डला टेकून उभी राहिली आणि रडली. मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी तेवढं वाकता आलं असतं तर वाकले असते, पण लॉरीचे पाटे वाकत नाहीत.

लुगडं धुवायला घेतलं तेव्हा सून दाक्षायणीला काठावर काळं ग्रीस दिसलं. ती हुशार बाई. नवऱ्याला जेवायला वाढता वाढता तिनं विचारलं, "अवो, तुमच्या गाडीचं ग्रीस आत्यांच्या लुगड्याला कसं काय लागलं?"

गुरुबसप्पाचा घास हातातच राहिला. तो तसाच उठून शेडमध्ये आला. चाकावरच्या ग्रीसमध्ये पायाच्या अंगठ्याचा ठसा होता आणि खाली घसरत गेलेला ओरखडा. बाजार हसला म्हणून त्यानं मला उंच केलं होतं, पण शेजारी बसणारीला विचारलं नव्हतं.

आधी त्यानं पायरी लावून पाहिली. मैंदर्गीच्या चाकोरीत ती पहिल्याच फेरीला दुमडली. मग त्यानं ईरप्पाला घरी बोलावलं आणि शहाबादी फरशीचे तुकडे आणून अंगणात एकावर एक रचायला सुरुवात केली, आईचा पाय किती उंच जातो ते बघायला. निंगव्वानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाय उचलायचा, टेकवायचा. तुकडा वाढला की पुन्हा उचलायचा. "अजून एक ठेवू, अव्वा?" ती म्हणायची, "ठेव की." पण तिचा सगळा भार त्याच्या खांद्यावर आला तसा त्यानं वरचा तुकडा काढून घेतला. ईरप्पानं मोजलं. मी मुळात होते त्याहून जेमतेम दोन बोटं उंच, एवढंच जमणार होतं.

ईरप्पा म्हणाला, एवढ्यानं चेंबर वाचायचं नाही, मैंदर्गीत पुन्हा आपटेल.

"आपटू दे," गुरुबसप्पा म्हणाला. "अव्वा चढली पायजे."

लॉरीचे पाटे निघाले, एक बारीक पाटा आला आणि चेंबरखाली जाड पत्रा ठोकला गेला. बाजाराच्या दिवशी निंगव्वानं दांडी धरली, "शिवा शिवा" म्हटलं आणि बसली. त्या दिवशी दोघी बहिणींचं मिठावरून इतकं भांडण झालं, की गुरुबसप्पा बाहेर ओट्यावर बसून हसत होता.

एकटा असला की तो मला गाडीवाटेच्या कडेनं काढायचा, म्हणजे पोट वाचायचं. पण तशी मी कलते, आणि कललं की निंगव्वा घाबरायची. म्हणून ती असली की तो सरळ चाकोरीतूनच घालायचा. मग पत्रा मुरमावर घासून खर्रर्र वाजायचा. गंगव्वानं तो आवाज बरोबर हेरला. पत्रा वाजला की ती चुलीवर चहा ठेवायची. अशी काही वर्षं गेली, आणि निंगव्वाचा एकही बाजार चुकला नाही.

मग एका पहाटे निंगव्वा झोपेतच गेली. गुरुबसप्पा मावशीला आणायला निघाला. त्या दिवशी बाजार नव्हता. घाईत त्यानं मला कडेनंच काढलं. गंगव्वा ओट्यावर बसली होती. तो उतरून तिच्याजवळ गेला.

"बाजार न्हाय, पत्रा वाजला न्हाय," गंगव्वा म्हणाली. "निंगी गेली का रे?"

त्यानं तिला माझ्यापाशी आणलं. ती कधीच माझ्यात बसली नव्हती. तिनं चाचपून दांडी धरली आणि पाय उचलला. तो आत टेकला, कुणी हात द्यायच्या आधीच. निंगव्वाच्या सीटवर ती बसली. परतताना गुरुबसप्पानं मला कडेनं नेलं नाही, सरळ चाकोरीत घातलं. पत्रा वाजला. गंगव्वा मान वाकवून ऐकत राहिली.

"आतून असं वाजतंय व्हय," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. तिला रडता यावं म्हणून त्यानं मला अगदी हळू चालवलं.

आता गंगव्वाही नाही. गठ्ठ्यांसाठी गुरुबसप्पानं टेम्पो घेतलाय, मैंदर्गीला तो एसटीनं जातो. मला कुणाचा राग नाही. नव्या मालका, तुझी वाट कसली आहे मला ठाऊक नाही. उचलावं लागलं तर उचल बापड्या. पण वीत ताणायच्या आधी घरात जा आणि शेजारी जी बसणार आहे तिला अंगणात बोलाव. फरशीचे तुकडे शेडच्या कोपऱ्यात अजून तसेच रचलेले आहेत. तेही घेऊन जा.