झाल्यात जमा

वाचकहो, आपण दिवसातून किती वेळा "झालं का?" असं विचारतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही, हे आपलं नशीबच! स्वयंपाक झाला का, अभ्यास झाला का, फाईल झाली का. विचारणाऱ्याला वाटतं, आपण काम पुढे ढकललं. ढकललेलं असतंच, फक्त दुसऱ्या अर्थानं.

या प्रश्नाचा ज्यांनी धंदाच मांडला होता, अशा एका कारखान्याच्या मालकांची ही गोष्ट.

कारखाना मोठा नव्हता. जिन्यात, दवाखान्यात, शाळेच्या व्हरांड्यात आग विझवायचे लाल सिलिंडर भिंतीला टांगलेले असतात ना, ते तपासून, भरून, रंगवून परत द्यायचं काम तिथं चाले. लांबलचक बाकं, कोपऱ्यात वजनकाटा, पावडरीची पोती आणि सगळ्यावर ताज्या रंगाचा वास. एका बाजूला काचेची केबिन. केबिनीत मालक, आणि मालकांच्या हाताशी फोन.

मालक माणूस वाईट नव्हता. पगार वेळेवर देई, कुणाच्या घरी आजारपण आलं तर स्वतः जाऊन चौकशी करी. पण मध्यंतरी ते उत्पादकतेवरचं एक व्याख्यान ऐकून आले आणि येताना एक फळा घेऊन आले. फळ्यावर प्रत्येक कारागिराचं नाव आणि नावापुढे 'झालेली कामं'. दर थोड्या वेळानं बाकावरचा फोन वाजे.

"झालं का?"

हातातला पाना खाली ठेवायचा, फडक्याला हात पुसायचे, फोन उचलायचा आणि सांगायचं, "झालं साहेब." मग पाना कुठं ठेवला ते शोधायचं!

"मालक झोपेत कूस बदलतानासुद्धा बाईसाहेबांना विचारत असतील," कारागीर आपसांत म्हणत, "'झाली का गं सकाळ?'"

फळ्यावर सगळ्यांत वर असे तो एक्स्प्रेस. तरुण, हसरा, हात कात्रीसारखे भराभर चालणारे. त्याचा "झालं" प्रश्न संपायच्या आत येई. सगळ्यांत खाली असत होतंय-मामा. चष्मा कपाळावर ठेवून सिलिंडरच्या तोंडात डोकावणारे हे गृहस्थ कधीही विचारा, "होतंय," एवढंच म्हणत. मालकांनी त्यांना अखेर रंगकामावर बसवलं होतं. "तिथं तरी होईल काहीतरी," असं म्हणून.

आकडे वाढत होते. मालक खूश होते. आकडा वाढला की काम वाढलं, असं समजणारे मालकच एकटे नाहीत म्हणा. आपणही त्यातलेच.

त्या सकाळी मालक कारखान्यात जायच्या तयारीत होते. थोरली बहीण चार दिवसांसाठी राहायला आली होती. ताईंनी सगळी नोकरी मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली. निवृत्त झाल्या तरी चालणं, बोलणं आणि रागावणं अजून तिथलंच होतं. ताईंसाठी म्हणून मालकीणबाईंनी कढईत तेल तापत ठेवलं होतं.

बाहेरच्या खोलीतून मालक बुटाची नाडी बांधत ओरडले, "अगं, नाश्ता झाला का?"

"होतोय!"

"झाला का?"

"अहो, होतोय म्हटलं ना!"

"म्हणजे झालाय की व्हायचाय?"

आता मात्र मालकीणबाई झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "तुम्ही कढईत बसून विचारा म्हणजे लवकर होईल! वन्सं, सांगा तुमच्या भावाला. लग्न झाल्यापासून हे एकच वाक्य ऐकतेय मी."

ताई हसून काहीतरी म्हणणार, तोच त्यांचं नाक वर झालं. "धूर!"

तिघं धावले. कढईतून ज्वाळा निघून वरच्या फळीला भिडत होत्या. मालकीणबाईंच्या हातातला झारा गळून पडला. पण मालक? मालक घाबरले नाहीत! हा तर त्यांच्या घरचाच विषय. दाराशेजारी त्यांच्याच कारखान्यातून तपासून आलेला, नव्या रंगानं चकाकणारा सिलिंडर टांगलेला होता. टॅगवर त्यांचीच सही. त्यांनी तो उचलला, पिन ओढली, नळी धरली आणि दांडा दाबला.

फुस्ससुद्धा नाही!

पुन्हा दाबला. पुन्हा दाबला! पावडरीचा एक कण बाहेर पडेल तर शपथ. मालक नळीच्या तोंडाकडे बघत उभेच राहिले. सख्ख्या मुलानं भर सभेत ओळख नाकारावी, तसे.

"बाजूला हो!" ताईंनी त्यांना खांद्यानं ढकललं, गॅस बंद केला आणि ओट्यावरची मोठी परात ओल्या फडक्यानं धरून कढईवर अलगद सरकवली. "कढईला हात लावू नका कुणी. पाणी तर मुळीच नको."

ज्वाळा गुदमरल्या. वरची फळी काळी पडली होती. मालकीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मालकांनी सिलिंडर अजून उराशी धरलेला होता.

"ठेव आता खाली," ताई म्हणाल्या. "कडेवरचं मूल आहे का ते?"

मालकांनी ठेवला नाही.

"ताई," ते कसेबसे म्हणाले, "होस्टेल."

मालकीणबाईंच्या तोंडून किंकाळीच निघाली. त्यांची एकुलती एक मुलगी शिकायला मुलींच्या वसतिगृहात राहत होती. आणि त्या वसतिगृहाचे सगळे सिलिंडर नुकतेच याच कारखान्यातून, याच रंगात, याच सहीनिशी परत गेले होते!

स्कूटरवर पुढे मालक, मागे ताई आणि दोघांच्या मध्ये तो मुका सिलिंडर, अशी वरात कारखान्यात पोचली तेव्हा कारागीर नुकतेच बाकांवर बसत होते. मालकांनी सिलिंडर एक्स्प्रेसच्या पुढ्यात आदळला.

"उघड."

एक्स्प्रेसनं झाकण फिरवलं. आत पावडरीचा दगड झाला होता. ज्या छोट्या कुपीतला गॅस पावडरीला बाहेर फेकतो, ती कुपी फुटलेली आणि रिकामी होती. कधीची, देव जाणे.

"हा तुझ्या हातून गेला ना?"

"हो साहेब."

"झालं म्हणाला होतास ना?"

एक्स्प्रेस हातातल्या झाकणाकडे बघत म्हणाला, "साहेब, झाल्यात जमाच होता. फक्त उघडायचा तेवढा राहिला होता."

मालकांना आधी शब्दच कळेनात. उघडायचा राहिला होता! म्हणजे पुसला, रंगवला, टॅग बांधला, सही घेतली, आणि उघडला नाही!

"आणि होस्टेलचे?"

कुठंतरी एक पाना खाली पडला.

"काही उघडलेत साहेब," एकजण पुटपुटला.

"काही म्हणजे कुठले?"

"ते आता कसं सांगणार? रंगवल्यावर सगळे सारखेच."

"नालायकांनो!" मालक गरजले. "माझी पोर झोपते तिथं! तिच्याएवढ्या पोरी झोपतात! खोटं बोलायला तुमची जीभ कशी रेटली?"

एक्स्प्रेसच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो मागे हटला नाही. "साहेब, मी एकदा खरं बोललो होतो. आठवतं? पावडर ओलसर लागली, आज होणार नाही, म्हणालो. तुम्ही फळ्यावर माझ्या नावापुढे केवढा मोठा भोपळा काढलात आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्यात. त्या दिवसापासून मी 'नाही' हा शब्द घरी ठेवून येतो."

"मग तसं येऊन सांगायचं मला!"

"सांगायला तोंड उघडलं की तुम्ही विचारायचात, 'झालं का?'" रंगाच्या डब्यामागून होतंय-मामा म्हणाले. "मी तरी काय केलं? वर रंग दिला, आत बघायचं सोडलं. मला रंगवायला बसवलंय, म्हटलं, आपण आपलं रंगवावं."

मालक ताईंकडे वळले. "बघितलंस? सगळे सामील!"

"बघतेय ना," ताई शांतपणे म्हणाल्या. त्या एका पालथ्या पिंपावर बसल्या होत्या. "आमच्या थिएटरात ऑपरेशन संपत आलं, की पोट शिवायच्या आधी आतले रक्त टिपायचे बोळे मोजायचे असत. एक राहिला तर माणूस गेला. आमचे मोठे डॉक्टर कधीही 'मोजलेत का?' असं विचारत नसत. ते विचारत, 'किती?'"

"त्यात काय फरक?"

"अरे शहाण्या, 'मोजलेत का?'ला न मोजता 'हो' म्हणता येतं. 'किती?'ला मोजल्याशिवाय उत्तर देता येत नाही! आणि एखादी नर्स म्हणाली, 'सर, एक कमी भरतोय,' तर तिला भोपळा मिळत नसे. सगळे हात थांबवून शोधायला लागत. तू काम मागत नव्हतास. तू शब्द मागत होतास. शब्द स्वस्त असतो, तो त्यांनी दिला."

"पण मी कधी कुणाला खोटं बोला म्हणालो?"

फोन घेणारी मुलगी इतका वेळ केबिनीच्या दारात उभी होती. ती घाबरत म्हणाली, "साहेब, रागावू नका. पण होस्टेलच्या रेक्टरबाईंचा फोन आला होता ना, 'आमचं झालं का' म्हणून? तेव्हा तुम्हीच त्यांना 'झालं' म्हणालात. सिलिंडर अजून गाडीतून उतरायचे होते. फोन ठेवून मग तुम्ही आत ओरडलात, 'झालं का रे?'"

मालक खाली बसले. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर बसले.

पहिलं 'झालं' त्यांचं स्वतःचं होतं! कारागिरांनी फक्त त्याची नक्कल केली होती. आणि त्या नकलेवर त्यांची लेक निर्धास्त झोपत होती!

त्यांनी फोन ओढला. वसतिगृहाचा नंबर लावला. "रेक्टरबाई," ते म्हणाले, "तुमचं काम झालेलं नाही."

"काय म्हणता? टॅग बांधलेत की सगळ्यांना. तुमची सही आहे!"

"सही माझी आहे. म्हणूनच मी सांगतोय. त्यातले किती चालतील, मला माहीत नाही. सीलबंद खोक्यातले नवे सिलिंडर आत्ता पाठवतोय, ते टांगल्याशिवाय जुने काढू नका. तोवर तुमचं स्वयंपाकघर बंद ठेवा."

बाईंचा आवाज हळू आणि धारदार झाला. "दीडशे मुली आहेत माझ्याकडे, साहेब. पुन्हा मला 'झालं' म्हणून सांगू नका. मी येईन, त्यातला कुठलाही एक उचलेन आणि माझ्यासमोर उघडायला लावेन."

"या," मालक म्हणाले. आणि फोन ठेवून त्यांनी नवे सिलिंडर गाडीत चढवायला सांगितले.

जुने सिलिंडर दुपारपर्यंत परत आले आणि ओळीनं उघडायला घेतले. प्रत्येक झाकण फिरलं की सगळे वाकून आत बघायचे. एक ठीक. एक दगड. एक रिकामी कुपी. एक ठीक. पुन्हा दगड! निम्म्याहून अधिक नुसते रंगवलेले होते. त्यातल्या एकावर मार्करनं लिहिलेला खोलीचा नंबर मालकांनी ओळखला. तो लेकीच्या दारासमोरचा होता. एक्स्प्रेसनं तो उघडला, आत बघितलं आणि मालकांच्या हातात दिला. दगड. मालकांनी तो कुणाला दिला नाही. बाह्या सरसावल्या, पावडर स्वतः खरवडून काढली, नवी भरली, कुपी काट्यावर ठेवली.

"किती?" होतंय-मामांनी विचारलं.

मालकांनी चष्मा लावून काट्यावरचा आकडा वाचून दाखवला. मामांनी मान हलवली, आणि तेव्हाच झाकण बसलं.

त्या दिवशी कुणी बाकावर फोन केला नाही, कारण फोन करणाऱ्याचे हात पावडरीनं माखले होते. मालकांच्या तोंडात दर थोड्या वेळानं "झा..." यायचं आणि ते खोकल्यात बुडवायचे. मग त्यांना आणखी एक धक्का बसला. ज्या कामाला आठवडा लागतो म्हणून ते रोज आरडाओरडा करत, ते काम, आणि तेही खरंखुरं काम, बघता बघता पुढे सरकत होतं! पाना खाली ठेवला जात नव्हता, म्हणून तो शोधावा लागत नव्हता. ज्याला अडचण आली तो "इथं अडलंय" म्हणून ओरडत होता आणि शेजारचा येऊन हात लावत होता. इतकी वर्षं कामाच्या आड कोण येत होतं? आळशी कारागीर? छे! केबिनीतला फोन!

मालकांनी फळा पुसला. नावं गेली, भोपळे गेले. त्यावर एकच ओळ लिहिली: 'कुठं अडलंय?' पहिले काही दिवस आकडे घसरले. एक जुनं गिऱ्हाईक "तुमच्याकडे फार वेळ लागतो" म्हणून दुसरीकडे गेलं. मालकांना झोप लागेना. पण रेक्टरबाई खरंच आल्या, रांगेतला मधलाच एक सिलिंडर त्यांनी बोटानं दाखवला आणि अंगणात तो चालवून बघितला. पांढऱ्या पावडरीचा असा लोट उठला की बाईंची साडी, मालकांचा चष्मा आणि होतंय-मामांच्या मिशा एकाच रंगाच्या झाल्या. बाई शिंकत शिंकत म्हणाल्या, "हं! याला म्हणतात झालं."

होतंय-मामा रंगाच्या डब्यामागून उठून पुन्हा आपल्या जुन्या बाकावर बसले. एक्स्प्रेसला लोक एक्स्प्रेसच म्हणतात, पण आता तो सगळ्या स्टेशनांवर थांबतो.

वाचकहो, काम झालं आणि काम झाल्यात जमा, या दोहोंत एका झाकणाचं अंतर असतं. ते झाकण उघडून बघायला वेळ लागतो, म्हणून आपण शब्दावर भागवतो. अधिकारी शब्द मागतो, हाताखालचा शब्द देतो, आणि आकडे फुगत जातात. आग लागते तेव्हा मात्र शब्दातून पावडर निघत नाही. जिथं माणसाला न घाबरता "नाही झालं" म्हणता येतं, तिथंच काम खरं होतं. म्हणून घरात असो वा कचेरीत, "झालं का?" तोंडावर आलं की ते गिळा आणि विचारा, "कुठं अडलंय? मी हात लावू का?"

ताई परत जायला निघाल्या, तेव्हा मालकीणबाई स्वयंपाकघरात होत्या आणि मालक दारात उभे होते. तोंडून शब्द येऊ नये म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

"काय रे, गेली का ती सवय?" ताईंनी पिशवी उचलत विचारलं.

"गे..." मालकांनी सवयीनं सुरुवात केली, आणि जीभ चावली. मग ओशाळं हसून म्हणाले, "जातेय, ताई. जातेय."

"हे खरं बोललास," ताई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.